रामानुजनने पुसलेल्या पायऱ्या

एक मुलगा आहे असं समजा. शाळेत मॅथ्सचा किंग. शाळेने त्यासाठी खास बक्षीस दिलेलं. स्कॉलरशिप मिळवून कॉलेजात गेला आणि तिथे आपटला. स्कॉलरशिप गेली. घर सोडून पळून गेला. मग शहर बदललं, कॉलेज बदललं, परीक्षा दिली, नापास. पुन्हा दिली, पुन्हा नापास. विशी ओलांडली तरी हातात ना डिग्री, ना नोकरी. शेजारपाजारचे काय बोलले असतील ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. रिझल्टच्या दिवशी आपल्या सोसायटीत काय चालतं, ते आपण ऐकतोच.

या मुलाचं नाव श्रीनिवास रामानुजन. ज्याचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, आपण राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा करतो, तोच हा. कॉलेजच्या भिंतीवर त्याचा फोटो असतो आणि खाली ‘महान गणितज्ञ’ असं लिहिलेलं असतं. पण तो ज्या परीक्षेत नापास झाला ती होती एफ. ए., म्हणजे फर्स्ट आर्ट्स. मॅट्रिकनंतरची दोन वर्षं. सरळ सांगायचं तर आपली अकरावी-बारावी.

म्हणून या लेखात मी त्याला ‘ते रामानुजन’ म्हणणार नाहीये. ज्या वयातली गोष्ट सांगायची आहे, त्या वयात तो तुमच्या बेंचवरचाच आहे. आणि गोष्ट सांगायची ती त्याच्या देवदत्त बुद्धीची नाही. ती काही आपल्याला उसनी मिळणार नाही. गोष्ट आहे त्याच्या अभ्यासाच्या सवयींची. त्यातली एक सवय आपण आज रात्रीपासून उचलावी अशी आहे, आणि एक सवय चुकूनही उचलू नये अशी.

एका मार्काचं रडू

रामानुजनचा जन्म १८८७ सालचा, आजोळी इरोडला. वाढला मात्र कुंभकोणम या देवळांच्या गावात. वडील साडीच्या दुकानात हिशेबनीस. आई कोमलताम्मल देवळात भजनं म्हणायची. घर सारंगपाणी देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समोर ओटा असलेलं. हा ओटा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात पैसे कमी, म्हणून आई-वडील कॉलेजची मुलं भाडेकरू म्हणून ठेवायचे. त्या मुलांना वाटलं असेल, घरमालकाचा पोरगा लुडबुड करतोय. पण पोरगा त्यांच्याकडून मॅथ्स शिकत होता, आणि अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याकडचं शिकवण्यासारखं संपलंसुद्धा. मग एका मोठ्या मुलाकडून त्याने लोनी यांचं त्रिकोणमितीचं पुस्तक आणलं. आपण अकरावीत ज्या ट्रिगला घाबरतो, ते कॉलेजच्या लेव्हलचं ट्रिग. त्याने ते नुसतं चाळलं नाही, त्यातली गणितं सोडवली.

१८९७ मध्ये प्राथमिकची परीक्षा झाली, त्यात तो जिल्ह्यात पहिला आला. त्या दिवसांतली एक गोष्ट मला फार आवडते. गणितात एका मित्राला त्याच्यापेक्षा एक मार्क जास्त मिळाला. एकच. रामानुजनने त्या मित्राशी बोलणं टाकलं आणि रडत घरी गेला. म्हणजे पेपर हातात आल्यावर शेजारच्याचे मार्क बघून पोटात होणारी ती कालवाकालव त्यालाही चुकली नव्हती.

टाउन हायस्कूलमध्ये तो सरांचाही लाडका झाला. शाळेत बाराशेच्या आसपास मुलं आणि पस्तीसेक शिक्षक. कुठला वर्ग कुठल्या तासाला कुणाकडे, हे वेळापत्रक लावणं म्हणजे डोकेदुखी. ते लावायला सर या मुलाची मदत घ्यायचे. १९०४ मध्ये शाळेने त्याला गणिताचं बक्षीस दिलं. त्या समारंभात हेडमास्तरांनी जाहीरपणे सांगितलं, की या मुलाला पैकीच्या पैकी दिले तरी ते कमीच पडतील.

म्हणजे सगळं मस्त चाललं होतं. गडबड त्याआधीच सुरू झाली होती, एका पुस्तकाने.

क्लासवाल्या सरांचं पुस्तक

१९०३ मध्ये रामानुजनच्या हाती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. लेखक जी. एस. कार. हे कार साहेब काही मोठे गणितज्ञ नव्हते. लंडनमध्ये शिकवण्या घ्यायचे. केंब्रिजची ‘ट्रायपॉस’ नावाची अवघड परीक्षा देणाऱ्या मुलांची तयारी करून घ्यायचे. पुस्तक म्हणजे त्यांच्या क्लासच्या नोट्सच म्हणा ना. सुमारे पाच हजार सूत्रं आणि प्रमेयं, एकाखाली एक, नंबर घालून. बीजगणित, त्रिकोणमिती, भूमिती, कॅल्क्युलस, सगळं. सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीच, असली तर एका ओळीची.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे परीक्षेच्या आधी व्हॉट्सअॅपवर फिरणारी ‘ऑल फॉर्म्युले’ची पीडीएफ. कारचं पुस्तक म्हणजे तिचं शंभर वर्षांपूर्वीचं रूप. ती पीडीएफ आली की आपण काय करतो? सेव्ह करतो. फार तर प्रिंट मारून टेबलासमोर चिकटवतो.

रामानुजनने काय केलं, तर प्रत्येक सूत्र हे एक न सोडवलेलं गणित आहे असं धरलं. उत्तर दिलंय, रस्ता दिलेला नाही. रस्ता मी शोधणार. मदतीला दुसरं पुस्तक नाही, विचारायला सर नाहीत. एक सूत्र सिद्ध झालं की त्याच्या हत्याराने पुढचं. असं करता करता मध्येच त्याला पुस्तकात नसलेलं काहीतरी सापडायचं. मग कारला बाजूला ठेवून तो त्या वाटेने निघून जायचा.

इथे थांबा, कारण पहिली सवय ही आहे. मॅथ्समध्ये दुसऱ्याने सोडवलेलं गणित वाचणं आणि ते स्वतः सोडवणं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वाचताना सगळं समजतं. तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली, मान डोलते. पण समजलं असं वाटणं आणि कोऱ्या कागदावर ते आपल्या हाताने उभं राहणं, यात मोठं अंतर आहे. ते अंतर पार करायला वेळ लागतो, अडावं लागतं, चिडचिड होते. रामानुजनचा सगळा अभ्यास त्या अडलेल्या वेळात झाला.

त्यात निराशाही होती. त्रिकोणमितीतली काही सूत्रं त्याने स्वतःच्या बुद्धीने शोधून काढली. मग कळलं, की हे तर दीडशे वर्षांपूर्वीच ऑयलर नावाच्या माणसाने शोधून ठेवलंय. त्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं की ते कागद त्याने घराच्या छपरात लपवून ठेवले. खरं तर लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. जे जगाला माहीत आहे ते स्वतः शोधून काढणं, मॅथ्सचा अभ्यास यालाच तर म्हणतात.

ओट्यावरची पाटी

आता तो ओटा. रामानुजन तिथे मांडी घालून बसायचा आणि मांडीवर एक मोठी पाटी. पाटीवर पेन्सिलीने भराभर लिहायचं, पाटी भरली की कोपराने पुसायचं, पुन्हा लिहायचं. फडकं घ्यायलाही सवड नाही. त्या घासण्याने कोपर काळं आणि खरखरीत झालेलं. शेवटी जे उत्तर हाती लागेल, तेवढंच वहीत उतरवायचं.

वहीतच का नाही करत, असं एका मित्राने विचारलं. त्यावर त्याने सरळ हिशेब मांडला होता. मी जेवढं लिहितो तेवढ्याला महिन्याला चार रीम कागद लागतील. जेवायचेच वांधे, तर कागद कुठून आणू? कधी कधी तो लिहिलेल्या कागदावरच आडवं, लाल शाईने पुन्हा लिहायचा.

म्हणजे पाटी ही त्याची गरिबी होती. पण त्या पाटीमुळे त्याच्या अभ्यासाला एक वळण लागलं. उत्तर वहीत राहायचं, मधल्या पायऱ्या कोपराखाली पुसल्या जायच्या. त्या त्याच्या डोक्यात असायच्या. दुसऱ्या कुणाला त्या कधी दिसायच्याच नाहीत. लेखाच्या सुरुवातीला म्हटलेली दुसरी सवय ती हीच.

नापास

कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तो स्कॉलरशिपवर गेला. तोवर कारच्या पुस्तकाने त्याला पुरता झपाटला होता. इंग्रजीचा तास असो, इतिहासाचा असो की शरीरशास्त्राचा, हा आपला शेवटी बसून गणितं करतोय. इंग्रजी निबंधात नापास झाला आणि स्कॉलरशिप गेली. आई भांडायला थेट प्रिन्सिपॉलकडे गेली, पण उपयोग झाला नाही. एका सत्राची फी वडिलांच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. काही महिने कसंबसं रेटलं. १९०५ च्या ऑगस्टमध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो कुणाला न सांगता विशाखापट्टणमला पळून गेला.

पुढे मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात नाव घातलं. इथेही तेच. शरीरशास्त्रात प्राण्यांचं विच्छेदन करायचं, आणि हा पक्का शाकाहारी घरातला. असं सांगतात, की पचनसंस्थेवरच्या एका पेपरात त्याने दोन-चार ओळी लिहिल्या आणि हा धडा आपल्याला पचलेला नाही अशा अर्थाचं लिहून तो सरांना देऊन टाकला. वर्गात हशा पिकला असेल, पण मार्क काही मिळाले नाहीत. गणिताचा तीन तासांचा पेपर हा अर्ध्या तासात संपवायचा आणि शरीरशास्त्रात दहा टक्केही पडायचे नाहीत. १९०६ मध्ये एफ. ए. नापास. १९०७ मध्ये पुन्हा बसला, पुन्हा नापास.

या भागाकडे आपण नेहमी ‘सिस्टिमने जीनियसला ओळखलं नाही’ असं म्हणून बघतो. ते खोटं नाही. सगळ्या विषयांत पास व्हायलाच पाहिजे या नियमाने एका असामान्य मुलाला बाहेर फेकलं. नंतर त्याला जगापुढे आणणारे प्रोफेसर हार्डी यांचंही मत होतं, की रामानुजन लवकर गेला यापेक्षा अठरा ते पंचवीस ही त्याची वर्षं वाया गेली ही मोठी शोकांतिका. पण ‘रामानुजनसुद्धा बारावी नापास होता’ असं स्टेटस ठेवण्याआधी एवढं आठवा, की त्या नापास होण्याची किंमत त्याने भुकेने चुकवली. इतर विषयांना त्याने दिवसाचा एक तास दिला असता, तर कदाचित डिग्री मिळाली असती आणि पुढची वणवण टळली असती. आवडत्या विषयाचं वेड चांगलं. पण बाकीच्या विषयांना किमान पास होण्यापुरता वेळ देणं, हे त्या वेडाचंच संरक्षण आहे.

सहा महिने कुणालाच न सुटलेलं गणित

१९०९ मध्ये लग्न झालं. आता घर चालवायला नोकरी हवी. वहीची बाडं काखेत मारून रामानुजन मद्रासमध्ये माणसं गाठत फिरू लागला. डेप्युटी कलेक्टर असलेल्या व्ही. रामस्वामी अय्यर यांनी वह्या पाहिल्या. हे गृहस्थ म्हणजे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक. (पुण्यातल्या वाचकांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण या सोसायटीची लायब्ररी फर्ग्युसन कॉलेजात होती.) नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी दर महिन्याला २५ रुपये द्यायला सुरुवात केली. रामानुजनची मागणी तरी किती? पोटापुरतं मिळावं आणि गणित करायला वेळ मिळावा.

१९११ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याने वाचकांसाठी एक कोडं घातलं. वही-पेन घ्या. याची किंमत काय?

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))

असं अनंतापर्यंत. सहा महिने गेले, कुणाचंच उत्तर आलं नाही. शेवटी रामानुजननेच सांगितलं. उत्तर आहे ३.

कसं? आठवीतलं बीजगणित पुरतं. कुठल्याही संख्येचा वर्ग म्हणजे तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्यांचा गुणाकार, अधिक १. बघा, ३ चा वर्ग ९, म्हणजे १ + २×४. म्हणून ३ = √(१ + २×४). आता तो ४ सोडवा. ४ चा वर्ग १६, म्हणजे १ + ३×५. म्हणून ३ = √(१ + २√(१ + ३×५)). आता ५ चा वर्ग २५, म्हणजे १ + ४×६. असंच उलगडत जा. कोडं तयार!

भारी आहे ना? पण आता एक खोड काढूया. हीच युक्ती ४ वर करा. ४ = √१६ आणि १६ म्हणजे १ + २×७.५. मग ७.५ चा वर्ग ५६.२५, तो १ + ३ × काहीतरी असा लिहिता येतोच. पुढे तसंच करत राहा. म्हणजे ४ सुद्धा तसाच उलगडतो! मग उत्तर ३ कशावरून, ४ का नाही?

इथे मधली पायरी लागते. कोडं मध्येच तोडून कॅल्क्युलेटरवर करून बघा. √(१ + २) म्हणजे १.७३. पुढचं पद घेतलं की २.२४. आणखी पुढचं घेतलं की २.५६, मग २.७६. संख्या वाढतेय, ३ कडे सरकतेय, पण ३ ओलांडत नाही. ती खरोखर ३ लाच जाऊन टेकते हे दाखवणं, म्हणजे लिमिट, हा पुराव्याचा खरा भाग. रामानुजनला उत्तर बरोबर दिसलं होतं. पण उलगडून दाखवणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे. आपण लिमिटचा चॅप्टर पाठ करतो तेव्हा तो कशासाठी आहे हे कुणी सांगत नाही. तो यासाठी आहे.

त्याच वर्षी बर्नुली संख्यांवरचा त्याचा पहिला पेपर जर्नलमध्ये आला, तोही सरळ आला नाही. संपादकांना लिहिलेलं कळेचना. मजकूर परत जायचा, तो दुरुस्त करून पाठवायचा, पुन्हा परत.  पायऱ्याच नव्हत्या.

दोन पाट्या

१ मार्च १९१२ ला रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून लागला. तिथे त्याचे वरिष्ठ होते एस. नारायण अय्यर. ते स्वतः गणित शिकवलेले, सोसायटीचे सभासद. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच, आणि फोटो याचा कुठेच लागत नाही.

ऑफिस सुटल्यावर दोघं नारायण अय्यरांच्या घरी बसायचे. दोघांकडे एकेक पाटी. रात्री उशिरापर्यंत पेन्सिलींचा आवाज. रामानुजन एक ओळ लिहायचा आणि लगेच खालची, मध्ये काय झालं ते गुलदस्त्यात. नारायण अय्यर त्याला अडवायचे. त्यांचं म्हणणं सोपं होतं. बाबा रे, माझ्या लेव्हलला खाली ये. तुझ्या दोन ओळींच्या मध्ये किमान दहा ओळी लिही. मलाच कळलं नाही, तर बाहेरच्या जगाला काय कळणार?

विचार करा. ज्याला जगात कुणीही गणित शिकवू शकत नव्हतं, त्याला हा माणूस काय शिकवत होता? स्टेप्स लिहायला.

तुमच्या ८० मार्कांच्या पेपरातले सर किंवा मॅडमसुद्धा नारायण अय्यरांसारखेच समोर बसलेले असतात. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना दिसत नाही, फक्त कागद दिसतो. मार्क स्टेप्सना असतात ते उगाच नाही.

केंब्रिज

१६ जानेवारी १९१३ ला रामानुजनने केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र पाठवलं. आधी तिथल्या दोन प्रोफेसरांकडून काही हाती लागलं नव्हतं. या पत्राबरोबर शंभराहून जास्त सूत्रं होती, सिद्धता नव्हत्या. हार्डी यांनी ती आपले सहकारी लिटलवुड यांच्याबरोबर बसून तपासली. काही जुनी निघाली, काही त्यांनी कधी पाहिलीच नव्हती, आणि काही चुकीचीही. मूळ संख्या किती आहेत हे मोजण्याचं रामानुजनचं सूत्र त्याला वाटलं होतं तितकं अचूक नव्हतं. अंदाजाने इतक्या लांब पोचलेला माणूससुद्धा इथे घसरला होता. सिद्धता करायला बसला असता, तर चूक तिथेच दिसली असती. हार्डी यांनी उत्तरात कौतुक केलं आणि एकच गोष्ट मागितली, सिद्धता.

त्यानंतर चक्रं फिरली. मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १७ मार्च १९१४ ला रामानुजन बोटीने इंग्लंडला निघाला.

तिथे हार्डींपुढे विचित्र प्रश्न होता. या मुलाला कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या काही गोष्टी येत नव्हत्या आणि जगात कुणाला न येणाऱ्या कितीतरी येत होत्या. नियमांनी शिकवायला जावं तर त्याचा उत्साह मरायचा. न शिकवावं तर चुका राहायच्या. हार्डी यांनी मधला मार्ग काढला. रामानुजनही बदलला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, जगाने मान्य केलेला माणूस सिद्धता नीट लिहायला शिकू लागला. यात त्याला कमीपणा वाटला नाही.

फळ काय मिळालं? १९१६ मध्ये संशोधनावर केंब्रिजची बी. ए. मिळाली. एफ. ए. नापास मुलगा पदवीधर झाला. हार्डींबरोबर त्याने एका जुन्या प्रश्नाला हात घातला. एखादी संख्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे लिहिता येते? ४ घ्या. ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. पाच प्रकारे. सोपं वाटतं, पण २०० साठी हा आकडा ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतका होतो. असे आकडे एकेक न मोजता देणारं सूत्र दोघांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलं. रामानुजनची नजर आणि हार्डींची सिद्धता, दोन्ही लागल्या. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

पण शरीर थकलं होतं. युद्धाचे दिवस, शाकाहारी माणसाला भाज्या मिळायची मारामार, थंडी, सलग तासन्‌तास काम आणि मग अवेळी झोप. १९१७ पासून तो आजारीच होता. मार्च १९१९ मध्ये त्याची बोट मुंबईला लागली. आई आणि भाऊ घ्यायला आले होते. नावाजलेला, पण हाडं दिसणारा मुलगा खाली उतरला. २६ एप्रिल १९२० ला, बत्तीसाव्या वर्षी, तो मद्रासला गेला. शेवटच्या दिवसांपर्यंत अंथरुणावर पडून तो गणितं करत होता. रात्र-रात्र जागून अभ्यास केल्याच्या स्टोरीज टाकताना हेही ध्यानात असू द्या.

मागे राहिल्या वह्या. तीन हजारांहून जास्त निकाल, बहुतेकांच्या सिद्धता नाहीत. कोपराने पुसलेल्या त्या पायऱ्या परत लिहायला गणितज्ञांच्या पिढ्या लागल्या. ब्रूस बर्न्ट यांनी त्या वह्यांवर लिहिलेले पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात आले. शेवटच्या वर्षातले कागद तर केंब्रिजच्या लायब्ररीत पडून होते. ते १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडले.

आपलं काय?

आता माझं सांगते. मी मास कॉमची, मग मॅथ्सवर का बोलतेय? कारण बारावीत मी सायन्सला होते. इंटिग्रेशनची सोडवलेली गणितं मी रोज वाचायचे. हो, वाचायचे. कथा वाचतात तशी. सगळं समजायचं. पेपरला प्रश्न बघितला, ओळखीचा होता, कितव्या पानावर आहे तेही आठवलं, पण पहिली ओळ काही सुचेना. चूक क्लासची नव्हती, पुस्तकाची नव्हती. वर्षभर मी मॅथ्स केलंच नव्हतं, फक्त पाहिलं होतं. रामानुजनची गोष्ट वाचताना मला माझी ती दुपार आठवली, म्हणून हा खटाटोप.

रामानुजन आपण होणार नाही, आणि मॅथ्समध्ये चांगले मार्क मिळवायला व्हायची गरजही नाही. पण त्याच्याकडून एवढं घेता येईल. सोडवलेलं उदाहरण दिसलं की उत्तरावर हात ठेवा आणि आधी स्वतः झटापट करा, वीस मिनिटं अडलात तरी चालेल. सूत्र पाठ करण्यापूर्वी ते एकदा तरी स्वतः काढून बघा. अंदाजाने आलेलं उत्तर आवडलं तरी ते तपासा, त्या ४ सारखं फसवणारं असू शकतं. गणित झालं की ते अशा मित्राला किंवा मैत्रिणीला दाखवा, जो किंवा जी नारायण अय्यरांसारखं मध्ये अडवेल. आणि बाकीच्या विषयांना, जेवणाला, झोपेला त्यांचा वाटा द्या.

रामानुजनला कागद परवडत नव्हता, म्हणून त्याच्या पायऱ्या पुसल्या गेल्या. आपल्याकडे जुन्या जर्नल्सची मागची कोरी पानं ढिगाने पडलेली असतात. आज रात्री त्यातलं एक घ्या, पुस्तक बंद करा आणि काल ‘समजलेलं’ एक गणित पहिल्या ओळीपासून लिहून बघा. मध्ये अडलात, तर समजा अभ्यास आत्ता सुरू झाला.